सूर्यमाळला चॉपर उतरतो

दामोदर गुरुजींचा एक सिद्धांत होता. जगात निरुपयोगी अशी वस्तूच नाही. निरुपयोगी असतात ती तिच्याकडे बघणारी माणसं! हा सिद्धांत त्यांनी चौतीस वर्षं निरनिराळ्या पाड्यांवरच्या पोरांना शिकवला. निवृत्त होऊन जव्हारला घरी बसल्यावर पोरं उरली नाहीत, तेव्हा ते बायकोला शिकवू लागले. विद्युल्लताबाईंनी चार वर्षांत तो इतक्यांदा ऐकला होता, की गुरुजींनी नुसतं 'जगात' म्हटलं तरी त्या कुकर लावायला उठायच्या.

तर झालं असं, की संक्रांतीला सून आली, समृद्धी, ठाण्याहून. जाताना सासूबाईंच्या ओट्यावर एक हिरवा प्लास्टिकचा डबा ठेवून गेली. डबा कसला, नारळाएवढा! आत तीन पाती, वर झाकण, झाकणातून बाहेर आलेली दोरी. कांदा आत टाकायचा, दोरी खेचायची, सोडायची, परत खेचायची. दहा वेळा खर्रर्र केलं की कांद्याचा पार भुगा.

"आई, याला चॉपर म्हणतात. विळीवर बसून तुमचे गुडघे दुखतात ना, म्हणून आणला," समृद्धी म्हणाली.

विद्युल्लताबाईंनी त्यात एकदा कांदा बारीक केला, डबा धुतला, पुसला आणि फळीवर ठेवून दिला. सगळं तिथंच संपलं असतं हो! पण तो गुरुजींच्या नजरेस पडला.

"अगं, एवढं यंत्र आणि त्यात नुसता कांदा? लाज वाटली पाहिजे आपल्याला! जगात..."

विद्युल्लताबाई कुकर लावायला उठल्या.

पहिल्या दिवशी गुरुजींनी त्यात शेंगदाण्याचं कूट केलं. छान झालं. दुसऱ्या दिवशी ताक घुसळलं. तेही बरं झालं, थोडं भिंतीवर उडालं इतकंच. मग गुरुजींच्या अंगात आलं! गुलाबाच्या कुंडीसाठी अंड्याची टरफलं बारीक केली. पेन्शनच्या अर्जाच्या जुन्या झेरॉक्स बारीक केल्या. डॉक्टरांनी खांद्याला व्यायाम सांगितला होता, तर रिकामा चॉपर दारात उभं राहून शंभर वेळा खेचला. समोरच्या घरातला कुत्रा त्या आवाजाने तीन दिवस जेवला नाही. एकदा त्यात दोन रुमाल आणि चिमूटभर साबणाची पावडर घालून लहान कपड्यांचं वॉशिंग मशीन केलं. आतली पाती काढायची तेवढी राहून गेली. रुमालांच्या शेवया निघाल्या.

"हा प्रयोगातला भाग आहे," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी वहीत लिहिलं, 'उपयोग क्रमांक चौदा. पाती काढून.'

क्रमांक सतरा मात्र अंगाशी आला. पूजेच्या कापराचे खडे मोठे होते, ते गुरुजींनी सकाळी चॉपरमध्ये घालून बारीक केले आणि डबा नुसता फुंकून ओट्यावर ठेवला. तासाभराने विद्युल्लताबाईंनी त्यातच खोबऱ्याची चटणी केली. शेजारच्या दोघी घावन खायला आल्या होत्या. पहिला घास घेतला आणि तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"अहो!" विद्युल्लताबाई कडाडल्या. "ही चटणी आहे की आरती?"

गुरुजींनी बोटाने चाखून पाहिली. "सर्दीवर चांगली आहे," म्हणाले.

"ऐका. या घरात एक तर हा डबा राहील, नाहीतर मी!"

गुरुजी क्षणभर विचारात पडले. तो क्षण त्यांना पुढे आठ दिवस नडला.

नवव्या दिवशी, रविवारी दुपारी, कमलेशचा फोन आला. कमलेश म्हणजे उंबरपाड्याचा. गुरुजींचाच विद्यार्थी. आता तिथल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष झाला होता.

"गुरुजी, एक विचारायचं व्हतं. हिरीबायचं काय करावं?"

"का? काय झालं हिरीबाईंना?"

"विहिरीवर हंडा घेऊन पडली ना ती, थंडीत. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पन मूठ वळत नाय. शाळेत बासष्ट पोरांचा स्वयंपाक. कांदे-बटाटे कापता कापता दुपार होते. मागच्या आठवड्यात दोनदा पोरं दोन वाजता जेवली. मीना मॅडम तरी किती सांभाळून घेनार? उद्या मीटिंग हाये. दुसरी बाई ठेवू म्हनतात सगळे."

"आणि हिरीबाई काय म्हणतात?"

"काय बोलतच नाय, गुरुजी. नुसती चुलीजवळ बसून ऱ्हाते. माझ्याच्यानं तिला सांगवत नाय हो."

गुरुजींनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले ते बसलेच.

उंबरपाडा म्हणजे सूर्यमाळच्या कडेला, डोंगराच्या काखेत बसलेली चाळीस घरं. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी गुरुजी तिथं पहिल्यांदा गेले ते डोक्यावर ट्रंक घेऊन, पायी. रस्ताच नव्हता. शाळेला कुडाच्या भिंती आणि फळ्याच्या जागी कुणाच्या तरी घरचं जुनं दार. गुरुजींना तेव्हा चहा सोडून दुसरं काही करता येत नव्हतं. दोन दिवस बिस्किटांवर काढले. तिसऱ्या दिवशी एक काळीसावळी, काटक बाई नागलीची भाकर आणि उडदाची डाळ घेऊन दारात उभी राहिली.

"गुरजी, खा आधी. उपाशी मानूस पोरांना मारतो," ती म्हणाली.

ती हिरी. नंतर शाळेत खिचडी सुरू झाली आणि पाड्याने एकमताने चूल हिरीच्या हाती दिली. तीन दगडांची चूल, काळं पडलेलं भलं मोठं पातेलं आणि हिरीचा नवरा ढवळू लाकडं फोडायला. पोरं ताटं घेऊन रांगेत उभी राहायची. ज्याचे आई-बाप वीटभट्टीवर गेलेत, त्याच्या ताटात हिरी न बोलता एक पळी जास्त घालायची. कोण कुणाचं, कुणाची आई कधी गेली, कधी परत येणार, सगळं तिच्या डोक्यात. गुरुजींच्या हजेरीत चूक निघायची, हिरीच्या पळीत कधी निघाली नाही. हा कमलेशसुद्धा त्या जास्तीच्या पळीवर वाढलेला!

आणि त्या बाईला चुलीवरून उठवायचं? का, तर कांदा कापता येत नाही म्हणून?

"कांदा!" गुरुजी खुर्चीतून ताडकन उठले. "विद्या, चॉपर कुठे आहे?"

"कशाला? आता काय घालताय त्यात? चपला?"

गुरुजींनी सगळं सांगितलं. एका हाताने डबा धरायचा, दुसऱ्याने दोरी खेचायची. मूठ वळली नाही तरी चालतं. बासष्ट पोरांचे कांदे अर्ध्या तासात! विद्युल्लताबाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी फळीवरून डबा काढला, तीनदा गरम पाण्याने धुतला, कापराचा वास गेला का ते पाहिलं आणि गुरुजींच्या कापडी पिशवीत ठेवला.

"न्या," म्हणाल्या. "कामाला आला तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही."

आता एवढं केल्यावर गप्प बसतील ते गुरुजी कसले! पाड्याचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यात गुरुजींनी शाळेच्या सूचनेच्या थाटात लिहिलं:

'सर्व ग्रामस्थांस कळविण्यास आनंद होतो की, उद्या सोमवार रोजी सकाळी ठीक अकरा वाजता मी चॉपर घेऊन शाळेच्या मैदानात उतरत आहे. हिरीबाईंच्या हाताचा प्रश्न कायमचा मिटेल. मैदान मोकळे ठेवून सर्वांनी उपस्थित राहावे.'

जीप हल्ली थेट मैदानापर्यंत जाते, म्हणून 'मैदानात उतरत आहे'. प्रात्यक्षिकाला जागा हवी, म्हणून 'मैदान मोकळे'. गुरुजींच्या दृष्टीने सूचना निर्दोष होती. तुम्ही मात्र ती एकदा सावकाश वाचा. गुरुजींनी वाचली नाही. पाठवली आणि बॅटरी वाचावी म्हणून मोबाइल बंद करून टाकला!

सकाळी जव्हारहून एसटीने मोखाडा, आणि तिथून जीप. जीपमध्ये नऊ माणसांच्या जागी सतरा. गुरुजी दोन पिशव्या आणि एका कोंबड्याच्या मधे बसले होते, पण मन मजेत होतं. मार्च सरत आला होता. डोंगर करडे पडले होते, पळस मात्र पेटला होता. प्रत्येक वळण ओळखीचं! इथं पाड्यातल्या जिवाची बैलगाडी उलटली होती. इथं पावसात अडकून त्यांनी पोरांबरोबर करवंदाच्या जाळीखाली तास काढला होता. 

"आज उंबरपाड्याला लय गर्दी," ड्रायव्हर कुणाला तरी सांगत होता. "कोन तरी मोठा मानूस उतरनार म्हनं."

गुरुजींनी कॉलर सारखी केली.

"सकाळपासनं मैदान झाडतायत. तोरन बांधलंय. तारपा काढलाय!"

गुरुजींनी खिशातून कंगवा काढला. कोंबडा आड येत होता, तरी त्यांनी भांग पाडला. एवढं प्रेम! निवृत्त होऊन चार वर्षं झाली आणि पाडा विसरला नाही! विद्याला आणायला हवं होतं. तिनेही बघितलं असतं.

जीप मैदानाच्या कडेला थांबली आणि गुरुजी उतरले. बघतात तर काय! आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण. मैदान घरच्या अंगणासारखं लख्ख. पोरं तेल लावून, भांग पाडून रांगेत. ढवळू गाल फुगवून तारपा वाजवतोय. शेजारच्या चार पाड्यांतली माणसं जमलेली. आणि मैदानाच्या बरोबर मधोमध चुन्याचा भला मोठा गोल! त्यांना उभं राहायला जागासुद्धा आखून ठेवली होती!

गुरुजींचे डोळे भरून आले. हळूहळू चालत ते गोलाच्या मध्यावर गेले, पिशवी छातीशी धरली आणि हात जोडले.

कुणीही त्यांच्याकडे बघितलं नाही. सगळे वर बघत होते. एकजात सगळे! म्हाताऱ्यांनी कपाळावर हात धरले होते. पोरांच्या माना इतक्या वर, की टोप्या मागे पडल्या होत्या. गुरुजींनीही वर पाहिलं. एक घार होती.

"गुरुजी! ओ गुरुजी!" कमलेश हात हलवत धावत आला. "बाजूला सरका! चॉपर उतरनार हाये इथं!"

"अरे, उतरलोय की मी!"

"तुमी जीपमधनं उतरलात. चॉपर कुठंय?"

"पिशवीत!"

कमलेशने पिशवीकडे बघितलं. मग आकाशाकडे. मग परत पिशवीकडे.

"पिशवीत?"

गुरुजींनी हिरवा डबा काढून वर धरला. ऊन पडून तो चांगला चमकला. तारपा एकदम थांबला. मागे कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं.

"गुरुजी..." कमलेशने कपाळावर हात मारला. "मी ठान्याला टॉवरच्या साइटवर दोन वर्षं काम केलं. टॉवरच्या डोक्यावर असाच गोल व्हता. तिथं सगळे हेलिकॉप्टरला चॉपर म्हनायचे!"

आता सगळा उलगडा झाला. गुरुजींचा मेसेज आला. कमलेशने वाचून दाखवला. चॉपर म्हणजे हेलिकॉप्टर. मैदानात उतरतंय. हिरीबाईच्या हातासाठी. म्हणजे गुरुजींनी वर कुठंतरी शब्द टाकलाय आणि हिरीला मोठ्या दवाखान्यात न्यायला हेलिकॉप्टर येतंय! कमलेशने तालुक्याला एकाला फोन केला, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. प्रत्येकाला वाटलं, बाकीच्यांना माहीत असणार, आपणच कसं विचारायचं? चॉपर येतंय म्हणजे बरोबर कुणीतरी बडी असामी असणारच! कुठल्याशा कार्यालयातले एक साहेब फाइल घेऊन सकाळी आठलाच येऊन बसले होते. आणि हेलिकॉप्टर उतरताना धूळ उडू नये म्हणून मैदानावर मारायला पाण्याचा टँकर आला होता. जो टँकर उंबरपाड्याला नऊ दिवस आला नव्हता, तो!

"पण हिरीबाई कुठे आहेत?" गुरुजींनी विचारलं. 

कमलेशने आंब्याखाली बोट दाखवलं.

हिरी नवं लुगडं नेसून, तेल लावून, गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. मोडका उजवा हात गाठोड्यावर ठेवला होता, जसा कुणी लेकराला घेऊन बसतं. कोंबड्या तिने शेजारणीला सांभाळायला दिल्या होत्या. गुरुजींना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला आत घ्यावं. चुकून नव्हे, अगदी ठरवून घ्यावं!

ते जाऊन तिच्यासमोर मातीत बसले.

"हिरीबाई, हेलिकॉप्टर नाही. मी मूर्ख माणूस आहे. हा कांदे कापायचा डबा आहे. तुमचं काम जाऊ नये म्हणून आणला. दुसरं काही नाही."

हिरीने डब्याकडे पाहिलं. गुरुजींकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावला. गुरुजींना वाटलं, रडतेय. ती हसत होती! हसता हसता तिचे खांदे गदगदायला लागले.

"बेस झालं गं माय! सकाळपासनं घोर लागला व्हता. त्या पंख्यात बसायचं कसं? वरनं उलटी झाली तं पडल कुनाच्या अंगावर?"

"इतका वेळ बोलला नाहीत का मग?"

"गुरजींनी धाडलंय म्हनल्यावर नाय कसं म्हनू?"

 तिकडे साहेबांचं डोकं ठिकाणावर आलं होतं. चॉपर नाही म्हणजे असामी नाही, असामी नाही म्हणजे टँकर नाही! ते ओरडले, "ड्रायव्हर, गाडी फिरवा. पाणी परत न्या!"

टँकर फिरला नाही. फिरणार कसा? पुढे बाया उभ्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर एकावर एक दोन हंडे. सगळ्यांत पुढे हौशी म्हातारी, ओणवी झालेली.

"साहेब," ती गोड आवाजात म्हणाली, "मैदानाला पानी पाजाया आनलं व्हतं ना? मैदानाला नाय लागली तहान. आमाला लागलीया."

साहेबांनी फाइल उघडली, मिटली आणि ड्रायव्हरला मान हलवली.

हंडे भरेपर्यंत मीना मॅडम गुरुजींपाशी आल्या. शाळेवर दोन वर्षांपूर्वी आलेल्या, शांत स्वभावाच्या बाई. "गुरुजी, साडेअकरा होत आले. मुलांचं जेवण व्हायचंय. समितीचे सगळे सदस्य इथंच आहेत. तुमचा चॉपर आत्ताच दाखवा. हिरीबाईंना जमलं तर मलाच हवंय ते."

सगळी मंडळी चुलीभोवती गोळा झाली. हिरीने डबा पायाच्या पंजाखाली धरला, डाव्या हाताने दोरी खेचली. खर्रर्र! खर्रर्र! पहिला कांदा भुगा! पोरांनी टाळ्या पिटल्या. दुसरा कांदा भुगा! समितीतला पोश्या, जो दुसऱ्या बाईसाठी सगळ्यांत जास्त भांडत होता, तोही पुढे वाकला. गुरुजींची छाती फुगली. आता इथंच थांबायचं की नाही? पण नाही!

"हे तर काहीच नाही!" म्हणत त्यांनी डबा उचलला. "यात सात दोरीत बटाटासुद्धा होतो. बघा!"

अख्खा बटाटा आत कोंबला, झाकण दाबलं, खांद्याच्या व्यायामात कमावलेली सगळी ताकद लावली आणि खेचली! खाट्कन आवाज झाला. दोरी मुळापासून निघून गुरुजींच्या हातात आली, झाकण उडून साहेबांच्या फाइलवर बसलं आणि गुरुजी मागच्या लाकडांच्या ढिगावर. बटाटा जसाच्या तसा होता.

कुणी हसलं नाही, हे फार वाईट होतं. कमलेशने मान खाली घातली. पोश्या म्हणाला, "झालं मग. आता काय ते ठरवून टाकू."

हिरी बासष्ट ताटांकडे बघत होती. मग मैदानाकडे. चार पाड्यांतली माणसं सकाळपासून कामधंदा सोडून, उपाशीपोटी उन्हात उभी होती. हिरी उठली.

"ठरवा तुमी मागनं. आदी मानसं जेवतील. पानी आलंय, तांदूळ हाये. रविना, तुझी विळी आन. हौशीआजी, तुमच्या सुनंला सांगा. ज्या घरात विळी हाये त्या घरानं विळी घेऊन यावं!"

बघता बघता चुलीभोवती वीस विळ्या आल्या! वीस बाया एक पाय दुमडून बसल्या आणि कापायला लागल्या. गुरुजींनाही एकीने पाट सरकवून दिला. बाकीच्यांचे पाच कांदे होईतो त्यांचा एक होत होता, आणि तो बघून रविना हसून हसून बेजार झाली. हिरीने एक फोडसुद्धा कापली नाही. पळी डाव्या हातात धरून ती उभी होती आणि सगळा पाडा चालवत होती. ढवळू, लाकूड माग घे. मीठ मी घालीन, कुनी हात लावू नका. अगं, त्या पोराची आय कालच भट्टीवर गेली, त्याला आदी वाढ. तिच्या तोंडून ते ऐकताना गुरुजी पुन्हा पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या कुडाच्या शाळेत जाऊन बसले. तोच धूर, तोच वास, तोच आवाज. एवढी सुखाची दुपार त्यांना निवृत्तीनंतर मिळाली नव्हती.

दोनशे माणसं जेवली. साहेब तीनदा जेवले.

मग आंब्याखाली मीटिंग बसली. पोश्या घसा खाकरून उभा राहिला, ढेकर दिली आणि परत बसला. कमलेश उभा राहिला. हातात कागद होता, तो त्याने घडी करून खिशात टाकला.

"मी काय म्हनतो, आवनीला, भात लावताना, आपन काय करतो? आज तुझं शेत, उद्या माझं. सगळ्या बाया पाळीनं जातात की नाय? मग कांद्याला का नाय? रोज दोन घरांची पाळी. सकाळी येऊन कापून द्यायचं आनी आपल्या कामाला जायचं. कांदा कुनी पन कापील. पन ती पळी..." त्याने चुलीकडे बघितलं. "ती पळी दुसऱ्या कुनाच्या हातात मी तरी देनार नाय."

मीना मॅडमनी लगेच लिहून घेतलं. पोश्याने पहिली पाळी आपल्या घराची लावली. हिरीने गाठोडं उचललं, चुलीमागे ठेवलं आणि पातेलं घासायला ढवळूला हाक मारली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिने लपवलं नाही.

साहेब निघताना गुरुजींपाशी आले. चेहरा पडला होता. "गुरुजी, मला अहवाल द्यायचाय हो. काय लिहू?"

गुरुजींनी विचार करून सांगितलं, "लिहा, 'चॉपर ठीक अकरा वाजता सुखरूप उतरले. प्रात्यक्षिक झाले. ग्रामस्थ समाधानी.' यात एक अक्षर खोटं नाही."

साहेबांनी तसंच लिहिलं. आणि वरून कुणी काही विचारलं नाही!

परतीच्या जीपपर्यंत हिरी पोचवायला आली. 

"गुरजी, चूल माझी ऱ्हायली, तुमच्यामुळं."

"माझ्यामुळं कसली? मी तर डबा मोडला."

"तसं नाय. पन एक सांगू? हे टँकरचं पानी शनिवारपतोर पुरल. मंग बिनपान्याच्या चुलीला काय करू?" तिने इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुमी तेवढं त्या ग्रुपवर लिवा ना. सोमवारी परत चॉपर येतंय म्हनून."

गुरुजी हादरले! चौतीस वर्षं ज्यांनी हजेरीत एक खोटी हजेरी मांडली नाही, त्यांनी असं लिहायचं? "हिरीबाई, खोटं कसं लिहू मी?"

हिरीने मोडका हिरवा डबा पुढे केला आणि त्यांच्या पिशवीत ठेवला. 

तर आता असं आहे. दर सोमवारी सकाळी दामोदर गुरुजी जव्हारच्या स्टँडवर दिसतात. भांग पाडलेला, खांद्याला कापडी पिशवी. रविवारी संध्याकाळी ग्रुपवर 'उद्या चॉपर घेऊन उतरत आहे' अशी सूचना जाते आणि सोमवारी अकराच्या आत टँकर उंबरपाड्याच्या मैदानात हजर असतो. कोण येतंय, कशाला येतंय, हे विचारायची कुणाची अजून छाती झालेली नाही. गुरुजी पाटावर बसून आपल्या पाळीचे कांदे कापतात, विळीवर, बोटं सांभाळत. एकदा विद्युल्लताबाईंनी विचारलंच, "अहो, दोरी तर तुटलीय. मग तो मोडका डबा दर सोमवारी कशाला नेता बरोबर?"

"अगं, तो नेला नाही," गुरुजी चपला घालत म्हणाले, "तर सूचना खोटी नाही का ठरणार?"